काकाचा पत्ता आणि पुतण्याचा फुटबॉल

‘जर्मनीत ऑग्सबुर्गला येऊन आम्हाला अकरा वर्षं झाली. ऐरोलीला दिरांचा मुलगा आहे, वय सोळा, अकरावीत. स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, खेळतो, उंची सहा फूट. ओळखीतला एक एजंट म्हणतो, काकाच्या नावाने पालकत्वाचं पत्र करा, मी जर्मनीतल्या क्लबात नाव घालतो. आठ लाख सांगितलेत. सासूबाई फोनवर रोज एकच म्हणतात, “तुम्ही तिकडे असून पोराच्या काय कामाचे?” जाऊबाईंना डोक्याला मार लागायची धास्ती. मी मध्ये अडकलेय.’
– एक काकू

काकू, आधी दिरांना सांगा, ते आठ लाख बँकेतून हलवू नका. बाकीचं सावकाश बोलू.

फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेच्या, खेळाडू-बदलीच्या नियमांत १९वं कलम आहे. अठरा वर्षांच्या आतल्या मुलाची दुसऱ्या देशातल्या क्लबात नोंदणी करता येत नाही. अपवाद मोजके आहेत. आईवडील स्वतः, फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणासाठी, त्या देशात राहायला गेले तर चालतं. सोळा ते अठराची सवलत आहे, पण ती युरोपातल्या युरोपात. ऐरोलीहून ऑग्सबुर्गला यायला ती लागू नाही. विद्यार्थी देवाणघेवाणीच्या कार्यक्रमातून मुलगा आला तर खेळू शकतो, पण फार तर वर्षभर आणि तेही निव्वळ हौशी क्लबात. काका-काकू आईवडिलांच्या जागी बसत नाहीत, स्टॅम्पपेपर कितीही रुपयांचा असो. परदेशी मुलांच्या नोंदणीत हे नियम मोडले म्हणून स्पेनच्या बार्सिलोना क्लबाला २०१५ सालच्या दोन्ही ट्रान्स्फर विंडोंत (खेळाडू नोंदवायच्या मुदतींत) नवा खेळाडू नोंदवता आला नाही. तिथे तुमच्या एजंटाचा नोटरी काय टिकणार?

एजंटाला एवढंच विचारा: फिफाचा परवाना आहे का? परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर आहे, नाव शोधायला दोन मिनिटं लागतात. आणि ज्या क्लबाला मुलगा खरंच हवा असतो, तो मुलाच्या बापाकडे पैसे मागत नाही.

पण अठरा पूर्ण झाले की सगळं मोकळं होतं, असंही सासूबाईंना सांगू नका. जर्मनीत युरोपबाहेरच्या व्यावसायिक खेळाडूला राहून खेळायचा परवाना हवा असेल तर क्लबाने त्याला पेन्शन विम्याच्या कमाल वेतनमर्यादेच्या (ज्या पगारापर्यंत विम्याचा हप्ता कापतात तिच्या) निदान निम्मा पगार द्यावा लागतो, म्हणजे सध्या महिना चार हजार युरोंच्या वर. खालच्या लीगमधले क्लब नवख्या मुलाला एवढे देत नाहीत. त्यामुळे आपल्या मुलाची खरी वाट बहुतेक वेळा वेगळीच निघते: शिक्षणासाठी किंवा आउसबिल्डुंगसाठी (कामासोबतच्या व्यवसाय-प्रशिक्षणासाठी) यायचं, संध्याकाळी गावच्या क्लबात खेळायचं आणि कुणाच्या नजरेत भरतो का ते पाहायचं.

आता तो खेळतो कुठे, ते विचारा. ठाणे-नवी मुंबईत हल्ली जिकडे तिकडे टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताची छोटी मैदानं, झालेत. पाच-सहा जणांच्या खेळात पाय चपळ होतात, पास नीट बसतो. पण स्टॉपरचं काम तिथे शिकता येत नाही. पन्नास मीटरवरून आलेला बॉल हवेत ओळखणं, ऑफसाइडची लाइन राखणं, बाजूचा बॅक वर गेला की त्याची जागा झाकणं, याला पूर्ण मैदान आणि अकरा जण लागतात. आठ लाखांतला छोटा हिस्सा मोठ्या मैदानावर अकरा-अकराचे सामने खेळणाऱ्या क्लबाच्या फीवर घाला. माझं हे मत टर्फवाल्यांना आवडणार नाही, पण आहे.

वयाची घाईही नको. स्ट्रायकरचं नाव लवकर होतं, बचावपटू उशिरा पिकतो. आपल्या मुंबईचा राहुल भेके पाहा. मार्च २०१९ मध्ये आयएसएल या आपल्या देशातल्या लीगच्या अंतिम सामन्यात गोव्याविरुद्ध जादा वेळेत त्याच्या हेडरने (डोक्याने मारलेल्या गोलने) बंगळुरूला विजेतेपद मिळालं आणि देशाकडून पहिला सामनाही तो त्याच वर्षी खेळला, अठ्ठाविसाव्या वर्षी. भारताचा बचावपटू संदेश झिंगन २०२१ मध्ये क्रोएशियाच्या शिबेनिक क्लबात गेला, तोही अठ्ठावीसचा. गेल्या गेल्या दुखापत झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये तो भारतात परतला. घरी हे सांगताना झिंगनचं नाव गाळू नका. परदेशी करार हातात आला म्हणजे खेळायला मिळतंच असं नाही.

जाऊबाईंची भीती उडवून लावू नका. स्कॉटलंडमधल्या माजी व्यावसायिक खेळाडूंवर ग्लासगो विद्यापीठाने अभ्यास केला. त्यांच्यात स्मृतिभ्रंशासारख्या मेंदूच्या आजारांचं प्रमाण सर्वसामान्यांपेक्षा बरंच जास्त आढळलं, त्यातही बचावपटूंमध्ये सर्वाधिक. गोलकीपरमध्ये तशी वाढ नव्हती. ती जुन्या पिढीची माणसं, पण रोजच्या सरावात किती हेडर घेतात हे आईने कोचला बेधडक विचारावं. कोच हसला तर क्लब बदलावा.

आणि तुम्ही काय करायचं? पत्ता देता येत नाही, पण भाषा देता येते. स्टॉपर हा मैदानावरचा सगळ्यात बोलका माणूस असतो. सगळं मैदान त्याच्या पुढ्यात, त्यामुळे ओरडणं त्याच्याकडे. बॉल लांब गेला की ‘राउस!’ (बाहेर!) म्हणून ओरडून सगळी लाइन बाहेर काढायची. हे ज्याला वेळेवर सुचत नाही, त्याची उंची वाया जाते. आउसबिल्डुंगलाही जर्मन लागतेच. त्याला जर्मन शिकायला मॅक्स म्युलर भवनात घाला, आणि रविवारी अर्धा तास काकाने त्याच्याशी फक्त जर्मनमध्ये बोलावं. मराठी बोलला तर फोन ठेवायचा. (काकांना जमेल ना? आमच्याकडचे काका दुसऱ्याच मिनिटाला ‘जेवलास का’वर येतात.)

सासूबाईंना एवढं सांगा की नातू येणार आहे, पाहुणा म्हणून, सुट्टीत. बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची पहिली लीग, मेच्या मध्यावर संपते, म्हणून परीक्षेच्या तारखा कळल्या की एप्रिलचं बघा आणि व्हिसाच्या मागे आत्तापासून लागा. ऑग्सबुर्गच्या सामन्याचं तिकीट गोलच्या मागच्या बाजूचं, जरा वरचं काढा. टीव्हीवर बॉल दिसतो. तिथून सगळी बचावफळी एका दोरीत बांधल्यासारखी कशी सरकते ते दिसेल.