जीवाश्मांमधला बदल : संथ की अचानक?

प्रश्न : उत्क्रांती हळूहळू होते असे आपण शिकतो, मग जीवाश्मांमध्ये नव्या जाती एकदम अवतरल्यासारख्या का दिसतात? (एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई)

उत्तर : प्रथम 'एकदम' या शब्दाचे माप पाहू. भूशास्त्रात पन्नास हजार वर्षेही क्षणासारखी असतात, कारण तेवढा काळ अनेकदा खडकाच्या एखाद्या पातळ थरात सामावलेला असतो. शिवाय गाळ सतत साचत नाही. तुमच्या घराजवळच्या ठाणे खाडीत भरती चिखल आणून टाकते आणि पुढचा प्रवाह त्यातला काही उचलून नेतो. प्राचीन समुद्रतळांवरही असेच घडल्याने जीवाश्मांच्या वहीतली कितीतरी पाने गहाळ आहेत, हे डार्विनने 1859 मध्येच मांडले होते.

परंतु सगळा दोष गहाळ पानांना देणे मला पटत नाही. जीवाश्मशास्त्रज्ञ नाइल्स एल्ड्रेज यांनी सुमारे 38 कोटी वर्षांपूर्वीच्या ट्रायलोबाइटांच्या (समुद्रात राहणाऱ्या, आता नामशेष झालेल्या कवचधारी संधिपाद प्राण्यांच्या) डोळ्यांतील भिंगांच्या रांगा मोजल्या, तेव्हा दीर्घकाळ स्थिर राहिलेली संख्या थोड्या अवधीत बदललेली आढळली. त्यांनी आणि जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी 1972 मध्ये असे सुचवले की नवी जाती बहुधा कडेला अलग पडलेल्या लहान समूहात घडते आणि नंतर पसरते. त्यामुळे मधल्या अवस्थांचे जीवाश्म क्वचितच हाती लागतात. त्या समूहातही बदल पिढ्यान्‌पिढ्याच होतो, एका रात्रीत नव्हे. उलट, खोल समुद्राच्या गाळातील फोरॅमिनिफेरा या सूक्ष्मजीवांच्या कवचांत काही ठिकाणी संथ बदलाची सलग साखळीही सापडते.