प्रश्न तुमचे: ‘भाई’ खरंच गरिबांचा वाली असतो का?

या वेळी बरीचशी पत्रं एकाच विषयावर आलीत. सध्या गँगस्टरांच्या वेबसिरीज आणि रील्स घरोघरी चालू आहेत, त्यामुळे असेल. त्यातले चार प्रश्न घेतो.

प्रश्न (सांगलीहून एक वाचक): ‘दीवार’मधला विजय म्हणजे हाजी मस्तानच, असं सगळे म्हणतात. किती खरं?

अर्धं खरं. सलीम-जावेदनी १९७५ साली तो विजय लिहिला तेव्हा गोदीतला हमाल, तिथली स्मगलिंग आणि मग एकदम मोठा माणूस होणं, हे सगळं मस्तानच्या गोष्टीशी जुळतंच. मस्तान तामिळनाडूतून लहानपणी मुंबईत आला, गोदीत हमाली केली, पुढे सोन्याच्या स्मगलिंगवर इतका मोठा झाला की पांढरे कपडे आणि मर्सिडीज ही त्याची ओळखच बनली. पण पडद्यावरचा विजय पोलीस असलेल्या भावाची गोळी खाऊन देवळात आईच्या मांडीवर जीव सोडतो आणि अख्खं थिएटर रडतं, खरा मस्तान आणीबाणीत तुरुंगात जाऊन आला, नंतर त्याने राजकीय पक्षही काढला आणि १९९४ मध्ये आजारपणाने गेला.

आणि एक गोष्ट सिनेमात नीट येतच नाही, ती म्हणजे हा पैसा मुळात आला कुठून. १९६८ चा सोने नियंत्रण कायदा होता, साध्या माणसाला सोन्याची बिस्किटं घरात ठेवता येत नव्हती, आणि आपल्याकडे लग्न काय सोन्याशिवाय थांबणार होतं का? मग दुबईहून गलबतं यायची, माल किनाऱ्यावर उतरायचा, कापडी जाकिटाला आत ओळीने छोटे छोटे खिसे शिवलेले आणि प्रत्येक खिशात १० तोळ्यांचं बिस्कीट. ते जाकीट अंगात घालून, वरून शर्ट चढवून माणूस चालत निघायचा. १९९० मध्ये तो कायदा गेला, पुढे आयातही मोकळी झाली आणि या धंद्यातली मोठी मलई संपली. टोळ्या मात्र तोवर खंडणी आणि जमिनींकडे वळल्या होत्या.

प्रश्न (पुण्याहून): ‘गॉडफादर’ बनवताना खऱ्या माफियाने त्रास दिला होता का?

हो, दिला होता. न्यूयॉर्कच्या पाच माफिया घराण्यांपैकी एकाचा बॉस जो कोलंबो, याने इटालियन-अमेरिकन लोकांच्या हक्कांसाठी म्हणून एक संघटनाच काढली होती आणि तिच्या नावाने सिनेमावर दबाव आणला. शेवटी निर्मात्याने ‘माफिया’ हा शब्द पटकथेतून काढायचं कबूल केलं. म्हणजे बघा, समाजाची बदनामी होते म्हणून ओरडणारा माणूस स्वतःच त्या टोळीचा प्रमुख. जून १९७१ मध्ये याच संघटनेच्या मेळाव्यात, भर गर्दीत त्याच्या डोक्यात गोळी घातली गेली, त्यातून तो कधीच उठला नाही, १९७८ मध्ये वारला. सिनेमा १९७२ ला आला.

प्रश्न (लालबागचे एक काका): तुम्ही पेपरवाले नुसतं वाईट लिहिता. आमच्या भागात भाई लोकांनी गरिबांच्या पोरींची लग्नं लावली, आजारपणात पैसे दिले. हे का नाही लिहीत?

काका, तुमचं म्हणणं मी खोटं म्हणणार नाही. मदत झाली, ती घेणाऱ्यांना दोषही देणार नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातले कितीतरी परत कामावर गेलेच नाहीत, घरात चूल पेटायची मारामार, अशा वेळी दारात पैसे घेऊन कोण आलं हे माणूस आयुष्यभर विसरत नाही. आणि याच चाळींमधली बेकार पोरं टोळ्यांत भरती झाली हेही तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय.

पण तो पैसा कुणाचा होता? त्याच भागातल्या दुकानदाराचा, हॉटेलवाल्याचा, बिल्डरचा, ज्याला फोन यायचा की एक पेटी (म्हणजे लाख रुपये) पाठव नाहीतर गेम करू. अमेरिकेत शिकागोत गँगस्टर अल कपोनने १९३० च्या मंदीत बेकारांसाठी फुकट जेवणाचं केंद्र उघडलं होतं, बाहेर लांबच लांब रांगा लागायच्या, फोटो छापून आले. त्याच शिकागोत १४ फेब्रुवारी १९२९ ला सात माणसांना भिंतीकडे तोंड करून उभं करून मारलं होतं आणि त्यामागे त्याचीच टोळी होती असंच तिथे आजही मानतात. (शेवटी पकडला गेला तो १९३१ मध्ये, तेही इन्कम टॅक्स बुडवला म्हणून, ११ वर्षांची शिक्षा.)

आपल्याकडेही बघा ना. ज्यांच्या शब्दावर कामगार संपात उतरले त्या डॉ. दत्ता सामंतांना जानेवारी १९९७ मध्ये पवईत घराजवळच सुपारी घेतलेल्या मारेकऱ्यांनी गोळ्या घातल्या. दगडी चाळीच्या अरुण गवळीला लोकांनी २००४ मध्ये आमदार केलं, आणि २०१२ मध्ये नगरसेवक कमलाकर जामसंडेकरांच्या खुनात त्याला जन्मठेप झाली. जामसंडेकर कुणी गँगवाले नव्हते हो, घाटकोपरला साध्या वस्तीत राहणारे नगरसेवक होते. आणि गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले तेव्हा कामगारांच्या घरांसाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले ते संघटनांनी, म्हाताऱ्या कामगारांनी आणि त्यांच्या बायकांनी. मला वाटतं, वाली म्हणायचंच तर या लोकांना म्हणूया. लग्नाचा खर्च लक्षात राहतो आणि हे मोर्चे विसरले जातात याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रश्न (अंबरनाथहून एक ताई): मुलगा अकरावीत आहे. डीपीला गँगस्टरचा फोटो, स्टेटसला तेच डायलॉग. ओरडू का?

ताई, नुसत्या डीपीवरून घाबरू नका आणि ओरडू तर अजिबात नका, ओरडलं की त्याला ते अजून भारी वाटेल. त्याच्यासोबत बसून ती सिरीज बघा आणि नंतर खऱ्या केसचं काय झालं ते दोघं मिळून शोधा. १२ सप्टेंबर १९९२ ला जेजे हॉस्पिटलमध्ये गोळीबार झाला, टोळीयुद्धातला बदला घ्यायला मारेकरी थेट वॉर्डात शिरले, त्यात पहाऱ्यावरचे दोन पोलीस शिपाईही गेले. हे त्याला वाचू द्या, सिरीजमध्ये त्या शिपायांना किती मिनिटं मिळतात तेही त्यालाच विचारा.

लक्ष ठेवायचं ते दुसऱ्या गोष्टींवर. हातात अचानक पैसे किंवा नवा मोबाईल दिसला, वयाने मोठी पोरं ‘जरा एवढं पाकीट पोचव’ म्हणून पाठवायला लागली, रात्रीचे फोन लपून घ्यायला लागला, तर मात्र थांबू नका. अल्पवयीन पोरांना कमी शिक्षा होते म्हणून त्यांना पुढे करायची पद्धत जुनी आहे. आधी त्याच्याशी शांतपणे बोला, घरातल्या ज्या माणसाचं तो ऐकतो, मामा असो की काका, त्याला सोबत घ्या, आणि प्रकरण पुढे गेलेलं दिसलं तर चाइल्ड हेल्पलाइनच्या १०९८ नंबरवर फोन करा, तो फुकट आहे.