वाहन-सल्ला : घाटात तापणारी पिकअप

प्रश्न : माझी चौदा वर्षांची डिझेल पिकअप आंब्याच्या पेट्या भरून आंबा घाट चढताना तापते; सपाटीवर त्रास नाही. कूलंट संपल्यावर मी विहिरीचे पाणी भरतो. रेडिएटर बदलावा का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : लगेच नको. केवळ चढावर, भार असताना गाडी तापते, याचा अर्थ रेडिएटरच्या काही नळ्या गंजाने व क्षारांनी बुजल्या असाव्यात, आणि त्यात विहिरीच्या पाण्याचा वाटा असू शकतो. मात्र पंख्याचा पट्टा, थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) आणि रेडिएटरचे झाकण आधी तपासावे. झाकण दाब धरून ठेवते म्हणूनच पाणी १०० अंशांवरही उकळत नाही, आणि या स्वस्त वस्तूकडेच बहुतेकांचे दुर्लक्ष होते. गरम इंजिनावर ते कधीही उघडू नये.

रेडिएटरच्या जाळीतील चिखल इंजिनाच्या बाजूने, हलक्या धारेने धुवावा. तांब्या-पितळेचा रेडिएटर कारागीर उघडून, नळ्या साफ करून झाळून देतो. परंतु ॲल्युमिनियमच्या गाभ्याला प्लॅस्टिकची टाकी असेल आणि ती सांध्यात गळत असेल, तर डागडुजीवर पैसे न घालवता नवाच बसवावा. त्याच वेळी दोन्ही होज पाइप बदलावेत, कूलंट (कॉन्सन्ट्रेट) व डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात भरावे आणि त्यात अडकलेली हवा पूर्ण काढावी.