मुलगी पीएच.डी.साठी आफ्रिकेत जाते म्हणते

प्रश्न : मुलीने पुण्यातून भाषाशास्त्रात एम.ए. केलं, ६४ टक्के. वय २४. आता भाषाशिक्षणात पीएच.डी. करायला केपटाउनला जायचं म्हणते. जर्मनीला गेली असती तर गोष्ट वेगळी, पण आफ्रिकेत कोण शिकायला जातं? तिथल्या भाषा म्हणजे नुसत्या बोली, त्यांवर कसलं संशोधन? बी.एड. करून शिक्षक भरतीची तयारी करावी, असं आमचं मत. स्थळंही येत आहेत. सध्या तिचा पासपोर्ट मी कपाटात कुलपात ठेवला आहे. तिने केलेला दोन पानी आराखडा सोबत जोडतो. तिला समजावून सांगा.
– एक पालक, सांगली

उत्तर : तुमच्या पत्रात मला काळजी वाटली ती ६४ टक्क्यांची नाही, कुलपाची. चोवीस वर्षांच्या मुलीचा पासपोर्ट तिच्याच ताब्यात असायला हवा. तो आजच परत द्या, बाकीचं उत्तर त्यानंतर वाचलंत तरी चालेल.

हे मी कायद्याच्या धाकाने म्हणत नाही. तुमच्या दबावाने तिचा बेत कच्चा राहिला आहे, म्हणून म्हणतो. तिच्या आराखड्यात दोन-तीन ढोबळ उणिवा आहेत आणि त्या तिलाही जाणवल्या असतील. पण घरात एक शंका बोलून दाखवली की ‘बघ, तुलाच खात्री नाही’ हे ऐकावं लागणार. मग कोण बोलेल? ती बेत तपासायचं सोडून नुसता राखत बसली आहे. आणि ‘जर्मनीला गेली असती तर गोष्ट वेगळी’ हे वाक्य पुन्हा वाचा. जर्मनी चालत असेल, तर अंतर, वय, स्थळं यांतलं काहीच आड येत नाही. आड येतंय ते चारचौघांत सांगायचं नाव. एवढ्यासाठी मुलीची दोन वर्षं घालवू नका.

बी.एड., टीईटी, अभियोग्यता चाचणी हा रस्ता तुम्हाला माहीतच आहे. शाळेत शिकवायची आवड असेल तरच तो घ्यावा. भाषाशास्त्रातली नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, मात्र तिने द्यावीच. परदेशातून पीएच.डी. करून आली तरी इथल्या प्राध्यापकीसाठी ती हाताशी असलेली बरी.

आता ‘नुसत्या बोली’. दक्षिण आफ्रिकेत १२ राजभाषा आहेत, बारावी खुणांची भाषा, ती २०२३ साली आली. ऱ्होड्स विद्यापीठात २०१७ मध्ये झोसा भाषेत लिहिलेल्या प्रबंधाला पीएच.डी. मिळाली. टांझानियातल्या दार-एस-सलाम विद्यापीठातल्या स्वाहिली संशोधनाची मुळं १९३० च्या प्रमाणीकरण समितीपर्यंत जातात. आणि ‘कसलं संशोधन’ याचं एक उदाहरण देतो. ‘ते मला आवडतात’ या अर्थाचं वाक्य झुलूत ‘न्गियाबाथान्दा’ असं एकसंध लिहितात. सेसोथोत तेच ‘के आ बा राता’, चार सुटे शब्द. दोन्ही बांटू या एकाच कुळातल्या भाषा, रचना जवळजवळ तीच, फक्त लिहिण्याची रीत वेगळी. अख्खा शब्द चित्रासारखा ओळखायला लावण्याची इंग्रजी वाचनाची पद्धत झुलू मुलाला लावली, तर ते पहिल्याच ओळीत अडखळतं. त्याला शब्द आतून फोडायला शिकवावं लागतं. आपल्याकडे ‘शेजारच्यांनासुद्धा’ वाचणाऱ्या दुसरीतल्या मुलाची अडचण याच जातीची आहे. कुठल्या भाषेला वाचनाची कुठली पद्धत लागू पडते, हे शोधणं म्हणजेच भाषाशिक्षणातलं संशोधन. ते तिथे वर्गात बसून होतं, बर्लिनमध्ये बसून नाही.

आता मुलीसाठी, आणि हे तिला आवडणार नाही. ‘मातृभाषेतलं शिक्षण श्रेष्ठ हे सिद्ध करणे’ हा तुझा विषय शिळा आहे. नायजेरियात इफे इथे १९७० मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात मुलांना प्राथमिकची सहाही वर्षं योरुबा या मातृभाषेतून शिकवलं. ती इंग्रजीतही मागे पडली नाहीत. जे दाखवून झालंय तेच पुन्हा दाखवायला कोणी मार्गदर्शक तयार होणार नाही. शिवाय २०२१ च्या ‘पर्ल्स’ या आंतरराष्ट्रीय वाचन चाचणीत दक्षिण आफ्रिकेतली चौथीची ८१ टक्के मुलं अर्थ समजून वाचण्याच्या पातळीला पोचली नाहीत, हा आकडा तू इंग्रजी माध्यमाचा दोष म्हणून दिला आहेस. ती चाचणी मुलांनी पहिली ते तिसरीत ज्या भाषेतून शिक्षण घेतलं त्याच भाषेत होती, म्हणजे बहुतेकांची झुलू, झोसा, सेसोथो यांसारख्या भाषांत. मुलाखतीत पहिला प्रश्न यावरच येईल. विषय लहान कर : एक भाषा, एक इयत्ता, चार-पाच शाळा, लांब शब्द वाचताना होणाऱ्या चुका. तुलनेला मराठी घेतलीस तर तुझ्याकडे असं काही असेल, जे तिथल्या उमेदवाराकडे नाही.

दुसरी उणीव भाषेची. झोसाचं एक अक्षर येत नाही आणि झोसा वर्गात निरीक्षण करणार, हे चालत नाही. मुलाने काय म्हटलं ते दुभाष्या सांगतो, मूल शब्दाच्या कुठल्या तुकड्यावर अडखळलं ते नाही. वर्षभर भाषा शीक. आवाजाचं विश्लेषण करणारं प्राट आणि ध्वनिमुद्रणावर नोंदी करायचं इलान ही दोन्ही मोफत सॉफ्टवेअर हाताखालून जाऊ देत. मराठी मुलांच्या वाचनाचं तासभर ध्वनिमुद्रण करून ते स्वतः उतरवून काढ. बिनदाबलेल्या (अनकॉम्प्रेस्ड) डब्ल्यूएव्ही फाइलमध्येच मुद्रण कर, फोनचं व्हॉइस नोट नको. दाबलेल्या आवाजात बारीक ध्वनिभेद पुसले जातात. एका तासाला आठवडा गेला तरी घाबरू नकोस. भाषा शिकताना स्वाहिलीकडे कल झाला, तर दार-एस-सलामचा विचार कर. टांझानियात सरकारी शाळांत प्राथमिक स्वाहिलीतून आणि माध्यमिक एकदम इंग्रजीतून. मराठी माध्यमातून अकरावी विज्ञानाला गेलेल्या मुलांचं जे होतं, तेच तिथे देशभर होतं.

म्हणून यंदा अर्ज करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढच्या वर्षीसाठी आधी मार्गदर्शक शोधावा. दक्षिण आफ्रिकेत पीएच.डी. मुख्यतः प्रबंधावरच असते, त्यामुळे मार्गदर्शक नाही तर प्रवेश नाही. विभागाच्या सर्वसाधारण पत्त्यावर नुसता बायोडेटा पाठवला तर तो तिथेच पडून राहतो. ज्यांचे लेख वाचले त्या प्राध्यापकांनाच एक पानाचं पत्र आणि दोन पानी आराखडा पाठवावा. एम.ए. नुसत्या पेपरांवर झालं असेल, लघुप्रबंध नसेल, तर आधी संशोधनाने एम.ए. करा असं सांगू शकतात. हे अर्जाआधीच विचारून घ्यावं. तिथल्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा पैसा बहुतांशी त्यांच्या नागरिकांसाठी असतो, म्हणून मार्गदर्शकाच्या प्रकल्पात जागा आहे का, हा प्रश्न लाज न बाळगता विचारावा. शाळेत जायला विद्यापीठाची नैतिक मान्यता आणि प्रांताच्या शिक्षण विभागाची परवानगी, दोन्ही लागतात. केपटाउन ज्या वेस्टर्न केप प्रांतात आहे, तिथे चौथ्या सत्रात, म्हणजे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, परीक्षांमुळे शाळांत संशोधन करू देत नाहीत. हे न कळल्याने वर्ष वाया जाऊ शकतं.

नोकरीचं विचारलंत नाही, तरी सांगतो. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या शिक्षणसंस्थेची, मुलाच्या पातळीनुसार शिकवण्याची पद्धत आज झांबियाच्या सरकारी शाळांत ‘कॅच अप’ नावाने, तिथल्या भाषांतून चालते. दोन्हीकडचे वर्ग पाहिलेल्या माणसाला अशा कामात किंमत आहे.

व्हिसासाठी वैद्यकीय अहवाल, तिथल्या योजनेतला आरोग्य विमा आणि पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्र लागेल. हे प्रमाणपत्र पासपोर्ट कार्यालयातून मिळतं आणि त्यासाठी मूळ पासपोर्ट घेऊन जावं लागतं. त्यात दोन कोरी पानं उरलीत का, तेही आजच कपाट उघडाल तेव्हा तिलाच बघू द्या.