सुई न टोचता बीपी-शुगर मोजणारं घड्याळ वडिलांसाठी घ्यावं का?

तुमचे वडील ६८ वर्षांचे, ठाण्यात एकटे राहतात, बीपी आणि शुगर दोन्हींच्या गोळ्या चालू, आणि सुई न टोचता सगळं मोजणारं स्वस्त घड्याळ तुम्हाला ऑनलाइन दिसलंय. शुगरसाठी ते अजिबात घेऊ नका. मी महापेला सेन्सरच्या सिग्नलवर मशीन लर्निंगचं काम करतो, म्हणून इतकं ठामपणे सांगतोय. त्वचेला न टोचता शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. चुकीच्या आकड्यावर कोणी औषधाचा डोस बदलला तर जिवावर बेतू शकतं.

घड्याळ मोजतं तो प्रकाश. मागच्या हिरव्या दिव्याचा उजेड रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं; ठोका पडला की मनगटात रक्त वाढतं आणि परत येणारा प्रकाश किंचित घटतो. या लाटा मोजल्या की नाडी कळते. वडील खुर्चीत शांत बसले असतील तर हा आकडा बऱ्यापैकी भरवशाचा. तलावपाळीला फेऱ्या मारताना मात्र हात हलतो, पट्टा सरकतो, आणि मिनिटाला ११० पावलं पडत असतील तर घड्याळ तेच ११० ठोके म्हणून दाखवू शकतं. पट्टा घट्ट बसवला की हे बरंच कमी होतं.

बीपीचं तसं नाही. त्या लाटेत दाब थेट मोजलाच जात नाही. अनेकांच्या लाटा आणि त्यांचं खरं बीपी दाखवून मॉडेलला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रॅमला, अंदाज बांधायला शिकवतात. गोम अशी, की बऱ्याच जणांचं वरचं बीपी १२०-१३० च्या आसपास असतं. मॉडेल काहीच न शिकता सगळ्यांना तेवढंच सांगत राहिलं, तरी सरासरी चूक लहान दिसते. वडिलांचं १७० होईल त्या दिवशी ते फसणार, आणि आपल्याला काळजी असते ती त्याच दिवसाची! सॅमसंगसुद्धा आपल्या घड्याळातलं बीपी दर २८ दिवसांनी दंडाच्या मशीनशी जुळवून घ्यायला सांगतं. मग आधी ते मशीनच घ्या, आणि सोबत स्ट्रिपवालं ग्लुकोमीटर.

एवढं घेऊन पैसे उरले तर ईसीजी असलेलं चांगलं घड्याळ जरूर घ्या. ठोक्यांची लय बिघडणं, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, येतं-जातं. दवाखान्यात काही सेकंद काढलेल्या ईसीजीत ते निसटू शकतं आणि त्यातून पक्षाघाताचा धोका वाढतो. दिवसभर मनगटावर असलेलं घड्याळ इथे खरंच कामाला येतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲपल हार्ट स्टडीत चार लाखांहून जास्त लोक होते. घड्याळाने इशारा दिलेल्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवर ईसीजी पॅच लावून तो परत पाठवला, त्यांच्यातल्या ३४ टक्क्यांत हा दोष सापडला. उरलेल्यांचा इशारा खोटाच होता असं नाही, कारण पॅच लावेपर्यंत लय पुन्हा ठीक झालेली असू शकते. म्हणून इशारा आला की वडिलांनी जागेवर बसून घड्याळावर ईसीजी काढावा, आणि तुम्ही तो हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा.

हार्ट अटॅक मात्र या ईसीजीत ओळखता येत नाही. छातीत दुखलं, दरदरून घाम फुटला, तर घड्याळ काहीही दाखवत असलं तरी लगेच १०८ ला फोन करायचा, हे वडिलांना आणि त्यांच्या शेजाऱ्यांनाही आजच सांगून ठेवा.