‘पशुवैद्यक हुकलं म्हणून पशुविज्ञान?’

"शेण काढायला डिग्री कशाला लागते, मॅडम?"

हे वडील बोलले. मुलगी शेजारच्या खुर्चीत पेनाचं टोपण काढत-लावत बसली होती. पशुवैद्यकाचा प्रवेश थोडक्यात हुकला होता. पशुविज्ञानाच्या पदवीला जागा मिळत होती आणि त्यावरून घरात आठवडाभर धुसफूस चालली होती.

प्रवेशाचा हंगाम आला की अशी कुटुंबं माझ्याकडे सल्ला विचारायला येतातच. शब्द निरनिराळे, काळजी तीच. ही पदवी म्हणजे डॉक्टर होता न आलेल्यांची सोय आहे का? आणि पुढे पोट भरेल असं काम मिळतं का? म्हणून या मुलीची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. माझी चूक मात्र तशीच ठेवली आहे.

चूक पहिल्याच भेटीत झाली. वडील म्हणाले, अजून एक वर्ष देऊन बघू. मी गुण पाहिले, फरक किरकोळ होता, लगेच अभ्यासाचं वेळापत्रक आखून दिलं. मुलीला एकच प्रश्न विचारला, "तुला प्राण्यांची आवड आहे ना?" ती "हो" म्हणाली आणि मी पुढे गेले. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर मी हा प्रश्न विचारला! प्राण्यांची आवड कोणाला नसते? त्या "हो"वरून काडीचंही कळत नाही.

वर्षाने ती परत आली, एकटीच. याही वेळी नंबर लागला नव्हता. मी समजूत घालायच्या तयारीत बसले होते, तर ती म्हणाली, "मॅडम, खरं सांगू? निकाल बघितला आणि सुटल्यासारखं वाटलं. मग स्वतःचाच राग आला."

या वेळी मी घाई केली नाही. सुटल्यासारखं का वाटलं, ते तिला तिच्या गतीने सांगू दिलं.

मधल्या वर्षात सुट्टीच्या दिवशी ती एका पशुवैद्य बाईंबरोबर फिरायची. एका रात्री एका मोठ्या गोठ्यावरून बोलावणं आलं. नुकतीच व्यायलेली गाय बसून राहिली होती, उठेना. मान वळवून डोकं कुशीला टेकवलेलं, कान हाताला गार. दुग्धज्वर. (नावात ज्वर, पण ताप नसतो, उलट अंग गार पडतं. हे नाव ठेवणाऱ्याला कोणीतरी जाब विचारायला हवा.) व्यायल्यावर दूध एकदम सुरू होतं, रक्तातलं कॅल्शियम कासेकडे ओढलं जातं, हाडांतून त्याची भरपाई वेळेवर होत नाही आणि स्नायू काम सोडतात. डॉक्टरबाईंनी शिरेतून कॅल्शियम अगदी सावकाश सोडलं, सगळा वेळ स्टेथोस्कोप छातीवर ठेवून, कारण घाईने दिलं तर हृदय थांबू शकतं. थोड्या वेळाने गायीचे स्नायू थरथरले, तिने ढेकर दिला, शेण टाकलं आणि धडपडत उभी राहिली.

"सगळे खूश झाले. मलाही बरं वाटलं," ती म्हणाली, "पण मॅडम, मी गायीकडे बघतच नव्हते. मी गव्हाणीत काय टाकलंय ते बघत होते. मालकांना विचारलं, अशी ही कितवी? म्हणाले, या महिन्यातली तिसरी. घरी गेल्यावर मला झोप लागली नाही. तीन का?"

हाच प्रश्न तिने डॉक्टरबाईंना विचारला होता. हात धुता धुता त्या म्हणाल्या, "ते खाद्यवाल्याला विचार गं. मला पुढच्या गोठ्यावर जायचंय."

यात बाईंचं काही चुकलं नाही. त्यांच्यासमोर पडलेली गाय होती, ती त्यांनी उभी केली. पण वर्षभरापूर्वी मला जे कळायला हवं होतं ते त्या एका वाक्यात होतं. पशुवैद्य विचारतो, या गायीला काय झालंय? पशुविज्ञानवाला विचारतो, या गोठ्यात असं वारंवार का होतंय? काही पशुवैद्य अख्ख्या कळपाचंही बघतात, त्यामुळे मध्ये भिंत आहे असं नाही. तरी रात्री झोप उडवणारा प्रश्न कोणता, यावर बरंच ठरतं.

तिच्या ‘तीन का?’ला उत्तरही आहे. भाकड गायीच्या, म्हणजे विण्याआधी दूध बंद केलेल्या गाभण गायीच्या, चाऱ्यात पोटॅशियम जास्त असेल तर शरीराचा तोल अल्कलीकडे झुकतो आणि हाडांतून कॅल्शियम सोडायचा जो इशारा असतो, तो शरीर नीट ऐकत नाही. म्हणून विण्याआधीच्या साधारण तीन आठवड्यांत चारा बदलतात, ठरावीक क्षार देऊन तोल जरा आम्लाकडे नेतात आणि तो गेलाय की नाही हे लघवीचा सामू मोजून बघतात. हे काम बरोबर झालं तर रात्री फोन येत नाही. न आलेल्या फोनबद्दल कोणी शाबासकी देत नाही, हेही मी तिला सांगितलं. वाहवा हवी असणाऱ्यांनी या क्षेत्राचा नीट विचार करावा.

मग आम्ही अभ्यासक्रम उघडला. माझा एक जुना आग्रह आहे: पदवीचं माहितीपत्रक नाही, दुसऱ्या वर्षाची विषयांची यादी मोठ्याने वाचायची. माहितीपत्रकावर वासराला कुरवाळणारी मुलगी असते. यादीत जैवरसायन, शरीरक्रिया, पोषण, आनुवंशिकी, प्रजनन, वर्तन आणि संख्याशास्त्र असतं. माझ्या पाहण्यात जी मुलं पहिल्या-दुसऱ्या वर्षी मागे फिरली, ती प्राण्यांना भिऊन फिरली नाहीत, रसायन आणि आकडेमोडीला कंटाळून फिरली.

हीसुद्धा संख्याशास्त्राशी येऊन अडखळली. "हे का असतं यात?"

मी म्हटलं, "एका महिन्यात तीन गायी पडल्या. हा योगायोग की खरंच काही बिघडलंय, हे तू कसं ठरवणार?"

ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "अच्छा. ते हे आहे होय."

तरी मी तिला लगेच फॉर्म भरू दिला नाही. दोन आठवडे एखाद्या दूध फार्मवर राहून ये म्हटलं, पाहुणी म्हणून नव्हे. पहाटे चारच्या धारांपासून. अट एकच: काय आवडलं ते लिहायचं नाही, कुठे वेळेचं भान राहिलं नाही तेवढंच लिहायचं.

परत आली तेव्हा अंगाला मुरघासाचा आंबूस वास होता, तो माझ्या खोलीत संध्याकाळपर्यंत राहिला. वहीत दोन गोष्टी होत्या. पहिली चिकाची. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारी प्रतिपिंडं जवळजवळ नसतातच, कारण गायीच्या वारेतून ती पलीकडे जात नाहीत. ती मिळतात चिकातून. आणि वासराचं आतडं ती जशीच्या तशी शोषून घेतं ते पहिल्या २४ तासांपर्यंतच, तेही तासागणिक कमी कमी. म्हणून पहिल्या काही तासांत वजनाच्या साधारण १० टक्के चीक पोटात जायला हवा, ४० किलोच्या वासराला ४ लिटर. तिने प्रत्येक वासराची जन्माची वेळ आणि पहिला चीक पाजल्याची वेळ शेजारी शेजारी लिहिली होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं. रात्री जन्मलेल्यांचं अंतर जास्त होतं, हे तिचं तिनेच शोधलं होतं.

दुसरी गोष्ट गायीची अंगलट. कमरेची हाडं, शेपटीच्या बुडाशी पडणारा खळगा आणि पाठ बघून, चाचपून गायीला १ ते ५ मध्ये गुण देतात, पाव-पाव गुणांच्या फरकाने. १ म्हणजे हाडांचा सापळा, ५ म्हणजे चरबीचा गोळा. विताना गाय साधारण तीन-सव्वातीनच्या आसपास असावी. लठ्ठ गाय व्यायल्यावर खाणं कमी करते आणि आजारी पडते. फार्मवरच्या माणसाने हे तिला अर्ध्या तासात दाखवलं, आणि मग ती दोन दिवस गायींच्या मागे मागेच फिरत होती. म्हणाली, "मी दिलेला गुण आणि त्यांचा गुण जुळतच नव्हता. वेड लागलं मला."

एका पानावर मात्र वेगळंच होतं. दोन गोऱ्हे गाडीत चढवले, एवढंच. पुढे काही नाही.

या विषयावर मुलं सहसा तोंड उघडत नाहीत, पालक तर नाहीच नाही. म्हणून मीच काढला. पशुविज्ञान शिकायचं तर मांसासाठी पाळलेले प्राणी, कत्तल, प्रयोगशाळेतले प्राणी हे सगळं वर्गात येणार. कुठे काम करायचं हे पुढे निवडता येतं, पण डोळे मिटून पदवी घेता येत नाही. मी तिला टेम्पल ग्रँडिन यांच्याबद्दल सांगितलं. १९८९ मध्ये त्यांनी इलिनॉय विद्यापीठातून पशुविज्ञानात पीएचडी केली. गुरं ज्या अरुंद वाटेने नेतात त्या वाटेत त्या स्वतः उतरून चालल्या. लोंबणारी साखळी, जमिनीवरची सावली, पाण्यावर चमकणारा उजेड: माणसाला न दिसणाऱ्या याच गोष्टींना गुरं बुजत होती. काठीने ढोसण्याऐवजी त्या गोष्टी काढून टाका, हे त्यांनी कत्तलखान्यांना पटवलं. प्रयोगशाळांच्या बाबतीत रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन सूत्रं आजही पाळली जातात: जमेल तिथे प्राण्याऐवजी पर्याय, लागतील तेवढेच प्राणी, आणि वेदना कमीत कमी. हे ऐकून काहींचं समाधान होतं, काहींचं होत नाही. ज्यांचं होत नाही त्यांना मी दुसरी वाट दाखवते, आणि त्यात कमीपणा मानत नाही. ही म्हणाली, "तिथे कोणीतरी बघणारं असायला हवं." मला ते खरं वाटलं.

राहिले वडील. ते आले तेव्हा ‘शेण काढायला’ हे पुन्हा म्हणाले नाहीत, पण प्रश्न तोच होता. मी म्हटलं, काका, शेणही बघावं लागेल. न पचलेले दाणे शेणात दिसले की खुराक चुकलाय हे कळतं. ते हसले नाहीत.

मग कामांचं बोललो. बऱ्याच जागा पशुखाद्यात असतात: खाद्य बनवणं, तपासणं, गोठ्यावर जाऊन सल्ला देणं. त्यात पाळीव प्राण्यांचं खाद्यही आलं. मांजरांचं एक उदाहरण त्यांना पटलं. टॉरिन नावाचा घटक मांजराला स्वतःच्या शरीरात पुरेसा बनवता येत नाही. तयार खाद्यात तो कमी पडल्याने मांजरांचं हृदय फुगून निकामी होतंय, हे १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं. कंपन्यांनी खाद्यातलं टॉरिन वाढवलं आणि तो आजार झपाट्याने कमी झाला. "म्हणजे एका पोत्यावरच्या यादीत एक ओळ वाढली," वडील म्हणाले. अगदी बरोबर.

दुसरं क्षेत्र पैदाशीचं. पूर्वी वळू चांगला की नाही हे ठरवायला त्याच्या लेकी मोठ्या होऊन दूध देईपर्यंत पाच-सहा वर्षं थांबावं लागायचं. २००१ मध्ये म्यूविसेन, हेस आणि गोडार्ड या संशोधकांनी डीएनएच्या हजारो खुणांवरून जनावराची गुणवत्ता आधीच अजमावायची रीत मांडली. आता वासराच्या कानाच्या तुकड्यावरूनही अंदाज बांधता येतो. इथे संगणक आणि संख्याशास्त्र येणाऱ्यांना मागणी आहे. त्याशिवाय फार्म व्यवस्थापन, प्राणिकल्याणाची तपासणी, गायींच्या गळ्यातल्या पट्ट्यांतून येणारी माहिती वाचणं, संशोधन, अध्यापन.

प्राणिसंग्रहालयाबद्दल मात्र मी हात राखून बोलते. जागा थोड्या, अर्ज ढीगभर. वाघासाठी म्हणून ही पदवी घेऊ नये. आणि एक गोष्ट आधीच स्पष्ट असलेली बरी: ही पदवी घेऊन पशुवैद्य म्हणून औषधोपचार करता येत नाहीत. नातेवाईक ‘आमच्या मांजराला बघ ना’ म्हणतील, तिथे नाही म्हणावं लागेल.

वडिलांनी शेवटी विचारलं, "आणि ही पदवी झाल्यावर पुन्हा पशुवैद्यकाला जावंसं वाटलं तर?" काही ठिकाणी पदवीनंतर तो रस्ता असतो, असं मी सांगितलं. मुलगी मध्येच म्हणाली, "बाबा, नका ना." त्यांनी फॉर्मवर सही केली, जरा नाराजीनेच. मीही ती नाराजी घालवायच्या भानगडीत पडले नाही.

आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. संख्याशास्त्रात एकदा गटांगळी खाल्ली, दुसऱ्यांदा विषय निघाला. गेल्या आठवड्यात तिचा मेसेज आला: "मॅडम, आज ३४ गायींना गुण दिले. सरांचे आणि माझे २९ जुळले. पाच नाही जुळले, त्या उद्या धारांच्या आधी परत बघणार आहे. दोन तरी सरांचे चुकलेत."