जहाजं आतून रिकामी का झाली?

नमस्कार,

पत्राच्या अगदी शेवटी, ता. क. लिहावा तशी, तुम्ही एक ओळ लिहिली आहे : ‘आता तो म्हणतो, मला जहाज बांधायचंच नाही. त्याला परत रुळावर कसं आणायचं?’ तुमचे बाकीचे चार प्रश्न ब्रँच, कॉलेज, क्लास आणि टक्क्यांचे आहेत. मी या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करणार आहे. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रातली काळजी करण्यासारखी ओळ हीच आहे.

वाचकांसाठी हकीकत थोडक्यात सांगते. पत्र मुलाच्या वडिलांचं आहे. मुलगा अकरावी सायन्सला आहे. दहावीला ८४ टक्के होते, अकरावीच्या पहिल्या परीक्षेत फिजिक्समध्ये १०० पैकी ४१ मिळाले. आठवीपासून तो माइनक्राफ्ट या चौकोनी ठोकळे (ब्लॉक) रचायच्या व्हिडिओ गेममध्ये अवकाशजहाजं बांधतो. सुट्ट्या आणि रविवार धरून दीड वर्ष खपून त्याने एक जहाज पूर्ण केलं, लांबी ४१२ ब्लॉक. ते पाहून वडील भारावले. त्यांनी त्याच्यासाठी चॅनल उघडलं, महिन्याला दोन जहाजं आणि दर शनिवारी व्हिडिओ असं वेळापत्रक केलं. कोणत्या जहाजाला किती व्ह्यूज आले ते पाहून पुढचं जहाज कसं हवं हेही तेच सांगू लागले. एरोस्पेस इंजिनिअरिंग आणि मग इस्रो, असा मार्गही त्यांनी आखून ठेवला आहे. आठ महिने हे चाललं. गेल्या महिन्यात मुलाने गेम उघडणं बंद केलं.

व्हिडिओ गेमवरून माझ्याकडे येणारी बहुतेक पत्रं ‘हे वेड कसं सोडवू?’ असं विचारणारी असतात. तुमचं तसं नाही. तुम्ही मुलाला हिणवलं नाही, कॉम्प्युटर कुलपात ठेवला नाही. त्याच्या कामात तुम्हाला काहीतरी मोलाचं दिसलं आणि ते खरोखरच मोलाचं आहे. म्हणूनच पुढचं स्पष्ट लिहिते, राग मानू नका. कौतुक करता करता तुम्ही त्याचा खेळ त्याच्याकडून काढून घेतलात.

तुम्ही पाठवलेले दोन्ही व्हिडिओ मी पाहिले. पहिला त्या मोठ्या जहाजाचा, दुसरा वेळापत्रक सुरू झाल्यानंतरच्या सहाव्या जहाजाचा. हा खेळ नियमित खेळणाऱ्या एका विद्यार्थिनीला शेजारी बसवलं होतं, म्हणजे माझ्या नजरेतून काही सुटायला नको.

पहिल्या जहाजाची रुंदी ६३ ब्लॉक आहे. आकडा विषम आहे आणि तो मुद्दाम निवडलेला आहे. रुंदी विषम असली की मधोमध ब्लॉकची एकच रांग येते. कॅप्टनची खुर्ची त्या रांगेवर, समोरची खिडकी त्याच रांगेवर, मागचं दारही त्याच रांगेवर. रुंदी ६४ घेतली असती तर मध्य दोन ब्लॉकांच्या फटीत गेला असता आणि खुर्ची कायम एका बाजूला सरकलेली दिसली असती. मागच्या इंजिनांची तोंडं २१ ब्लॉक व्यासाची आहेत. चौकोनी ठोकळ्यांतून गोल काढायचा म्हणजे वर सलग ७ ब्लॉक, एक ओळ खाली उतरलं की दोन्ही बाजूंना दोन-दोन वाढवायचे, मग एक-एक, असं मोजत उतरायचं. पडद्यावरच्या चौकटींत तिरकी रेष कशी बसवायची याची रीत आयबीएममधल्या जॅक ब्रेसनहॅम यांनी १९६२ साली बसवली आणि पुढे वर्तुळासाठीही ती वापरली गेली. तुमच्या मुलाला हे नाव ठाऊक असेल-नसेल, त्याने तेच काम डोळ्याने आणि बोटांवर मोजून केलं आहे.

बाहेरच्या भिंतीवर त्याने ट्रॅपडोअर, उलट्या पायऱ्या, अर्धे स्लॅब आणि कुंपणाचे खांब लावले आहेत. लांबून पाहिलं तर ते पाइप, झडपा आणि जोड वाटतात. सत्तरच्या दशकात अवकाशपटांसाठी जहाजांची मॉडेल बनवणारे कारागीर नेमकं हेच करायचे. रणगाड्यांच्या आणि विमानांच्या प्लास्टिक किटमधले सुटे भाग ते मॉडेलवर चिकटवायचे, कारण पृष्ठभाग बारीक तुकड्यांनी भरला की छोटी वस्तूही प्रचंड भासते. आणि डाव्या अंगाला एक पट्टा आहे, साधारण ३० ब्लॉकचा. तिथला राखाडी रंग बाकीच्यापेक्षा थोडा फिकट आहे. मला आधी ती चूक वाटली. शेजारच्या विद्यार्थिनीने व्हिडिओ थांबवला आणि म्हणाली, ‘चूक नाही, इथे जहाजाला मार बसला होता, नंतर पत्रा बदललाय.’ या जहाजाला भूतकाळ आहे!

सगळ्यात खालच्या मजल्यावर, इंजिनाच्या मागे, एक खोली आहे. तीन ब्लॉक रुंद. पलंग, भिंतीला टेकवलेलं पुस्तकांचं कपाट, खिडकीत कुंडी. व्हिडिओत कॅमेरा तिथे दोन सेकंदही थांबत नाही. पाहणाऱ्याला ती दिसावी म्हणून त्याने बांधलेलीच नाही. तिथे कोणीतरी राहतं, म्हणून ती बांधली आहे.

आता सहावं जहाज. पत्रात तुम्ही अभिमानाने लिहिलं आहे, ‘हे त्याने फक्त बारा दिवसांत केलं.’ बाहेरून ते देखणं आहे, पहिल्यापेक्षा सफाईदारसुद्धा. कॅमेरा काचेजवळून जातो तेव्हा जरा थांबवून आत पाहा. आत काही नाही. मजले नाहीत, जिने नाहीत, खोल्या नाहीत, नुसतं कवच आहे. मुलाने तुम्हाला तोंडाने सांगायच्या कितीतरी आधी हे जहाजातून सांगितलं होतं.

मुलं असं का करतात, यावर एक जुना प्रयोग आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली तो प्रसिद्ध केला. बालवाडीतली, चित्रं काढायला आवडणारी मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना काहीच न सांगता नंतर अचानक तेच प्रमाणपत्र दिलं. काहींना काहीच दिलं नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळात बघितलं, तर बक्षिसाचं आधी ठरवून चित्रं काढलेली मुलं रंगांकडे पुष्कळच कमी वळत होती. ज्यांना अचानक मिळालं होतं, त्यांची आवड कमी झाली नव्हती. म्हणजे तुम्ही पहिल्या जहाजावर खूश झालात, नातेवाइकांना दाखवलंत, यात काही बिघडलं नाही. बिघडलं ते महिन्याला दोनचा करार झाला तेव्हा. त्या दिवसापासून ते त्याचं जहाज राहिलं नाही, तुमची ऑर्डर झाली.

आता एरोस्पेस. तुमच्या पत्रातला सर्वांत मोठा गैरसमज इथे आहे. ‘अवकाशजहाजं बांधतो, म्हणजे कल तिकडेच आहे,’ असं तुम्ही गृहीत धरलं आहे. खेळातली जहाजं आणि खरी यानं यांत फक्त नावाचं साम्य आहे. खऱ्या यानाची रचना वजन, उष्णता आणि ऊर्जा या तीन गोष्टी ठरवतात. रॉकेट उडतं तेव्हा त्याच्या एकूण वजनातला ८५ ते ९० टक्क्यांच्या आसपासचा भाग नुसतं इंधन आणि ते जाळणारा ऑक्सिडायझर असतो. यंत्रं, माणसं, सामान हे सगळं उरलेल्या थोडक्यात बसवायचं. अवकाशात हवा नाही, म्हणून आतली उष्णता फक्त प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात, बाहेर जाते आणि त्यासाठी मोठाले रेडिएटर पसरावे लागतात. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक १०९ मीटर लांब आहे, १९९८ पासून तुकड्यातुकड्यांनी जोडत नेलेलं, आणि त्याच्या आकाराचा बहुतांश भाग सौरपंखांनी व्यापला आहे. माइनक्राफ्टमध्ये एक ब्लॉक म्हणजे एक मीटर, तेव्हा तुमच्या मुलाचं जहाज त्याच्या जवळजवळ चौपट लांब आहे. त्यात इंधनाची टाकी खोलीएवढी आहे आणि रेडिएटर एकही नाही. ही त्याची चूक नव्हे, त्याला उड्डाणाचं गणित मांडायचंच नव्हतं. तो माणसं राहतील अशी जागा रचत होता. कंपनं, द्रवगतिकी, नियंत्रणप्रणाली यांत चार वर्षं घालवायला त्याला आवडेलही, पण ते त्याला स्वतंत्रपणे विचारावं लागेल. जहाजं हा त्याचा पुरावा नाही. आणि इस्रोच हवं असेल, तर तिथे मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरचे इंजिनिअरही मोठ्या संख्येने घेतात, एरोस्पेसचा हट्ट त्यासाठीही नको.

मग ही जहाजं कशाचा पुरावा आहेत? माझ्या मते जागेच्या समजेचा. किती उंच छत ठेवलं की खोली कोंदट वाटत नाही, कॉरिडॉर कुठे वळवला की पुढे काय आहे याची उत्सुकता वाटते, मोठ्या आकाराला माणसाचं माप कसं द्यायचं, हे त्याला उमगतं. वास्तुकला, इंडस्ट्रियल डिझाइन, गेम आणि ॲनिमेशनसाठी परिसररचना, चित्रपटांचे सेट, संग्रहालयांची मांडणी, या सगळ्या कामांना हीच समज लागते. या खेळातूनच पुढे गेलेल्यांचं उदाहरण हवं असेल, तर २०१३ साली सुरू झालेला ब्लॉकवर्क्स हा ब्रिटिश स्टुडिओ पाहा. २०२० मध्ये त्यांनी रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेसाठी, ज्या पत्रकारांच्या लेखनावर त्यांच्या देशांत बंदी आहे त्यांचे लेख वाचता येतील असं एक अख्खं ग्रंथालय माइनक्राफ्टमध्ये उभारलं. त्याचे संस्थापक जेम्स डिलेनी वास्तुकला शिकलेले आहेत. ‘या खेळातून लोक करोडो कमावतात’ असं तुम्ही लिहिलंत. कमावणारे आहेत, पण मूठभर. सोळा वर्षांच्या मुलाचं भविष्य त्या मुठीवर टांगू नका.

परीक्षांचं एका वाक्यात : आर्किटेक्चरसाठी नाटा, डिझाइनसाठी यूसीड आणि एनआयडीची प्रवेश परीक्षा, इंजिनिअरिंगसाठी जेईई आणि सीईटी, हे तुम्हालाही माहीत आहे. माझी सूचना एवढीच की गणित सोडू नका, म्हणजे यातलं कुठलंच दार बंद होणार नाही.

फिजिक्समधल्या ४१ गुणांची मला फार धास्ती वाटत नाही. दहावीतून अकरावीत येताना पुष्कळ मुलं अशी घसरतात आणि सावरतात. मात्र त्याचा आठवड्याचा जो तक्ता तुम्ही जोडला आहे, त्यात कॉलेज आणि क्लास संपल्यावर ‘जहाज : ७ ते ९.३०’ असं लिहिलं आहे. मोकळा वेळ म्हणून एकही रकाना नाही. फिजिक्सचा प्रश्न त्या तक्त्यातच आहे. तो तक्ता भिंतीवरून काढा.

एक काम मात्र आजच करा. त्या पहिल्या जहाजाचं वर्ल्ड, म्हणजे खेळातलं ते जतन केलेलं जग, ज्या फोल्डरमध्ये आहे, त्याची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवर ठेवा. वैतागलेली मुलं एखाद्या रात्री सगळं डिलीट करतात आणि नंतर वर्षानुवर्षं हळहळतात. प्रत ठेवल्याचं त्याला सांगा, त्याच्या नकळत करू नका.

मग त्याच्याशी बोला, पण चॅनलबद्दल नको आणि करिअरबद्दल तर मुळीच नको. खालच्या मजल्यावरच्या त्या खोलीत कोण राहतं, एवढंच विचारा. तो लगेच उत्तर देईल असं नाही. आठ महिने तुम्ही त्याला जहाजाबद्दल जे जे विचारलंत त्यामागे काही ना काही हिशेब होता, त्यामुळे याही प्रश्नामागे हिशेब आहे असंच त्याला वाटेल. दोन दिवस जाऊ द्या. उत्तर आलं, तर ऐका, आणि त्यावर व्हिडिओ करूया असं चुकूनही म्हणू नका.

तो पुन्हा बांधेल का? ते मला सांगता येणार नाही. कदाचित बांधेल, कदाचित चित्रं काढू लागेल, कदाचित ब्लेंडरसारखं त्रिमितीय आकार घडवायचं मोफत सॉफ्टवेअर उघडून ब्लॉकच्या चौकटीबाहेर जाईल. दोन वर्षं नुसता अभ्यास आणि क्रिकेट करेल, असंही होऊ शकतं. यांपैकी काहीही झालं तरी बारावीनंतर डिझाइनचा किंवा इंजिनिअरिंगचा निर्णय घ्यायला त्याला पुरेसा वेळ आहे. तोवर त्या दीड वर्षांच्या जहाजाचे, सुरुवातीच्या कच्च्या सांगाड्यापासूनचे, जे काही स्क्रीनशॉट त्याने काढून ठेवले असतील ते जपून राहिले म्हणजे झालं. डिझाइन कॉलेजच्या मुलाखतीत तयार वस्तूपेक्षा ती कशी घडली हे जास्त विचारलं जातं.

राहिलं चॅनल. ते चालवायचं, बंद करायचं, की तसंच पडू द्यायचं, हे त्याने ठरवायचं. तुम्ही फक्त लॉगिन त्याच्या हातात द्या, पासवर्ड त्याला बदलू द्या आणि नवा काय ठेवलास हे विचारू नका.